नासिका, नासिक्य, नाशिक

गोदावरीच्या काठी वसलेल्या एका अतिप्राचीन नगराचे नाव आणि मनुष्याच्या मुखावरील एका अवयवाचे नाव एकच असावे, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे आपणांस नवलही वाटेनासे झाले आहे. नाशिक म्हटले की शूर्पणखा, शूर्पणखा म्हटले की तिचे नाक, आणि नाक म्हटले की पुन्हा नाशिक, अशी ही साखळी लहानपणीच मनात बसते व मग तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. मला ते वळून पाहणे एका बारा वर्षांच्या मुलीने भाग पाडले. हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचे, थोडे उशिराने दिलेले, उत्तर आहे असे समजावे.

येथील शाळांत सहाव्या इयत्तेला प्राचीन जगाचा इतिहास शिकवितात व त्यात भारताचाही भाग येतो. त्या निमित्ताने या मुलीला आपल्या पूर्वजांच्या गावाविषयी एक पान लिहून न्यावयाचे होते. तिची आजी नाशिकची. रविवारच्या मराठी वर्गात मी मोठ्या हौसेने पंचवटीची कथा सांगितली, लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून त्या स्थानाला नासिक म्हणू लागले, हेही सांगितले. मुले हसली. ही मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मावशी, कापलेल्या नाकाचं नाव गावाला कोण देईल? आणि दिलंच, तर तिथल्या लोकांनी ते ठेवून का घेतलं?" मी उत्तर दिले, "तशी आख्यायिका आहे." घरी परतताना मात्र माझ्या मनाला टोचणी लागली. आठवडाभर ज्या वर्गात मी इतिहास शिकविते, तेथे एखाद्या विद्यार्थ्याने इतके आळशी उत्तर दिले असते तर मी ते खपवून घेतले नसते. पुढच्या रविवारपर्यंत त्या मुलीचे पान कोरेच होते.

प्रथम आख्यायिकेचाच विचार करू. वाल्मीकीच्या अरण्यकांडात पंचवटी आहे, गोदावरी आहे, जनस्थान आहे, आणि रामाच्या आज्ञेवरून लक्ष्मणाने शूर्पणखेचे कान व नाक छेदल्याचा प्रसंगही आहे. मात्र त्यावरून एखाद्या नगराला नाव पडले असे वाल्मीकी कोठेही सांगत नाही. शिवाय कान व नाक दोन्ही कापले असता गावाने नाकाचेच नाव का घ्यावे, हा बालिश वाटणारा प्रश्नही अगदीच टाकाऊ नव्हे. पंचवटी आमचीच, असे म्हणणारे दुसरे स्थान त्याच नदीच्या काठी, पण शेकडो मैल खाली आहे. तेलंगणातील भद्राचलमजवळच्या पर्णशाळेत रामाची कुटी दाखवितात. तेथे नाकाच्या नावाचे गाव काही वसले नाही. म्हणजे कथा दोन्हीकडे नांदते, नाव मात्र एकीकडेच आहे. यावरून मला असे वाटते की येथे नाव आधीचे असावे व कथेने येऊन त्या नावाचा हात धरला असावा.

असे हात धरणे नाशिकला नवीन नाही. शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे आठ किलोमीटरांवर डोंगरात कोरलेली लेणी आहेत, त्यांना सर्व जग पांडवलेणी म्हणते. ती कोणी कोरविली हे भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत स्वच्छ लिहिलेले आहे. सातवाहन राजे, क्षहरात नहपानाचा जावई उषवदात, गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री, व्यापारी, लेखक, गृहस्थ यांची नावे तेथे आहेत, पांडवांचे नाही. डोंगराचे खरे नाव शिलालेखांत "तिरण्हु" म्हणजे त्रिरश्मि असे येते. पण लिपी वाचणारे संपले, भिक्षू गेले, आणि ओस पडलेल्या त्या दालनांना लोकांनी आपल्या ओळखीच्या पाहुण्यांची नावे दिली. अज्ञाताला आपल्या घरातील कथेत सामावून घेण्याची ही रीत प्रेमळ आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु तिला पुरावा मानावयाचे म्हटले तर लेणी भीमाने खोदली असे मानावे लागेल.

आता दुसरी व्युत्पत्ती. नाशिक नऊ टेकांवर वसले, असे जुनी माणसे म्हणतात व जुनी गढी, नवी गढी, म्हसरूळ टेकडी, चित्रघंटा अशी त्यांतील कित्येकांची नावेही सांगतात. नव शिखांचे ते नवशिख, व त्याचे नाशिक, असा हा हिशोब आहे. भूगोलाच्या दृष्टीने तो आकर्षक आहे, कारण जुन्या शहरातून चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना त्याचा प्रत्यय येतो. भाषेच्या दृष्टीने मात्र तो पटत नाही. प्राकृतात दोन स्वरांमधला "ख" हा "ह" होतो: मुखाचे मुह, सखीची सही. त्याच न्यायाने शिखेची सिहा व्हावयास हवी. त्या ठिकाणी "क" यावयास काही कारण दिसत नाही. आणि ख्रिस्तपूर्व काळापासून जेथे जेथे हे नाव आढळते, तेथे ते "नासिक" किंवा "नासिक्य" असेच, आरंभीच्या दीर्घ "ना"सह व शेवटच्या "क"सह आढळते; "नवशिख" असे जुने रूप कोठे येत नाही. तेव्हा नऊ टेकड्यांना नमस्कार करून पुढे जावे हे बरे. (आपल्या भाषेत नाकाशी नऊ जोडले जातात ते फक्त "नाकी नऊ येणे" या प्रयोगात, आणि या व्युत्पत्तीच्या पुरस्कर्त्यांवर मला वाटते तोच प्रसंग येईल.)

मग आधार कोणता घ्यावा? माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मौल्यवान साक्ष एका वैयाकरणाची आहे, आणि ती त्याने अगदी सहज, दुसऱ्याच गोष्टीविषयी बोलता बोलता दिली आहे. म्हणूनच ती मला अधिक विश्वसनीय वाटते.

संस्कृतात नाकाला "नासिका" तर म्हणतातच, पण "नस्" असा एक तोकडा शब्दही आहे. काही प्रत्यय लागले असता "नासिका" या लांब शब्दाच्या जागी हा तोकडा "नस्" येऊन बसतो. नाकावाटे घ्यावयाच्या औषधाला वैद्य "नस्य" म्हणतात, "नासिक्य" म्हणत नाहीत, ते यामुळेच. नाकातून या अर्थी "नस्तः" होते, त्याचेही कारण हेच. पाणिनीच्या सूत्रावर चर्चा चालू असता पतंजलीच्या महाभाष्यात या नियमाला एक अपवाद सांगितला आहे. दोन ठिकाणी हा आदेश होऊ द्यावयाचा नाही, तेथे "नासिका" हा शब्द अखंड राहून "नासिक्य" असेच रूप व्हावयाचे. ती दोन ठिकाणे कोणती? एक, वर्ण, म्हणजे नाकातून उच्चारला जाणारा ध्वनी. आणि दुसरे, नगर.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. पतंजलीचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाचा मध्य मानतात. त्याच्या उदाहरणांत पाटलिपुत्र, मथुरा, साकेत अशी उत्तरेकडील नगरे वावरतात. अशा ग्रंथात, विंध्य व तापी ओलांडून गोदावरीकाठचे एक नगर, कोणतीही ओळख करून न देता, केवळ नाव घेऊन येते. ज्याच्या नावासाठी व्याकरणाचा नियम वाकवावा लागतो ते नगर शिष्यांना ठाऊक असले पाहिजे, नाहीतर अपवादाला अर्थच उरत नाही. आणि त्याहून महत्त्वाचे हे की पतंजलीच्या दृष्टीने या नगराच्या नावात नासिका आहे याविषयी शंका नाही. वाद आहे तो केवळ तिचे रूप कसे राहावे एवढाच. म्हणजे ज्या शब्दसाम्याचे आपणांस आज कौतुक वाटते, त्याची नोंद दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी शास्त्रात झालेली आहे, आणि नाक, ध्वनी व नगर ही तिन्ही एकाच ओळीत बसविलेली आहेत.

ते नाक कोणाचे, हे मात्र तो सांगत नाही. ते सांगणे त्याचे कामही नव्हते. तरी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. शूर्पणखा ही वैयाकरणांच्या परिचयाची बाई होती. पुढे काशिकावृत्तीत तिचे नाव उदाहरण म्हणून येते, पण ते नखांमुळे! सुपासारखी जिची नखे ती शूर्पणखा. विशेषनाम असल्यामुळे तेथे स्त्रीलिंगी रूप "नखा" होते, "नखी" होत नाही, एवढाच तेथील मुद्दा. एका सूत्रावर तिची नखे आणि दुसऱ्या सूत्रावर नासिक्य नगर, अशा या दोघी शास्त्राच्या एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहिल्या. मौनावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे मी जाणते, पण हे मौन माझ्या ध्यानात राहिले आहे.

नासिका शब्दाचे मूळ फार खोल आहे. ऋग्वेदात तो द्विवचनात येतो, कारण तेव्हा त्याचा रोख नाकपुड्यांवर होता व त्या दोन असतात. इंग्रजीतील नोज, जर्मनमधील नाझे, लॅटिनमधील नासुस, रशियनमधील नोस हे सारे त्याच कुळातले. माझ्या वर्गातील जे मूल आपल्या नाकाला नोज म्हणते ते नकळत नाशिकच्या नावाचाच एक दूरचा भाऊ उच्चारते, हे मी फळ्यावर लिहून दाखविले तेव्हा मुलांना मोठी गंमत वाटली. भूमीच्या पुढे आलेल्या टोकाला नाक म्हणण्याची चालही जगात पुष्कळ ठिकाणी आहे. रशियाच्या उत्तरेस कानिन नोस नावाचे भूशिर आहे, आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर इंग्लंडकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका भूशिराला तेथील लोक करडे नाक म्हणतात. गोदावरीवर चढून आलेल्या एखाद्या उंचवट्याला प्राचीन काळच्या कोणी असेच नाक म्हटले असेल काय? हा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच घ्यावा. एवढे खरे की नदीकाठच्या ज्या मातीच्या गढीवर डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. शांताराम देव यांनी १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने उत्खनन केले, तेथे ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर सापडले. १९५५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल वाचला म्हणजे कळते की पतंजलीच्या कानी हे नाव गेले तेव्हाही ही वस्ती जुनीच होती.

मराठीत मात्र एक चमत्कार झाला आहे. आपण नाकाला नासिका म्हणत नाही, नाक म्हणतो. तो शब्द प्राकृतातील "णक्क" याच्यापासून आला आहे. नासिका ही संस्कृतातून उसनी आणून अनुनासिकात, वैद्यकात व कवितेत वापरावयाची. दुसरीकडे नगराच्या नावातील "सि"चा "शि" झाला. इकारापूर्वीचा "स" तालव्य करण्याची मराठीची ही जुनी खोड आहे: सीव्यतिपासून शिवणे, सिध्यतिपासून शिजणे, सिंदुराचा शेंदूर. त्याच वळणाने नासिकचे नाशिक झाले. म्हणजे मराठी माणसाच्या तोंडी नगर व अवयव ही दोन्ही नावे एकमेकांपासून पार दूर गेली, आणि तरी त्यांचे नाते मराठी माणूसच अगत्याने सांगत राहिला! याचा अर्थ असा की ही आख्यायिका रोजच्या बोलीतून उगवलेली नसून, संस्कृत जाणणाऱ्या पुराणिकांच्या, क्षेत्रोपाध्यांच्या मुखातून उतरली असावी. नासिक लिहावे की नाशिक, यावर माझ्या आजीचा व मामांचा पत्रांतून वाद चाले. आजी "नासिक" लिही आणि "नांव" या शब्दावर अनुस्वार देई. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो अनुस्वार काढून टाकला, त्यामुळे नाव या शब्दाच्या माथ्यावरची नाकातल्या उच्चाराची खूण गेली. आजीने तो अखेरपर्यंत सोडला नाही.

सपाच्या नात्यातील एक शब्दही जाता जाता सांगते. संस्कृतात "गोनस" म्हणजे गाईच्या नाकासारखे नाक असलेला एक साप. आपली घोणस त्याच्याच घरची. तेथेही तोच तोकडा "नस्" दडून बसला आहे.

या नगराला नावे तशी पुष्कळ मिळाली. पद्मनगर, त्रिकंटक, जनस्थान आणि नासिक अशी चार युगांची चार नावे परंपरा सांगते. मोगल अमदानीत ते गुलशनाबाद झाले. पेशवाईत नाशिक हे नाव पुन्हा रुळले. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरी या जैन आचार्यांच्या तीर्थवर्णनात "नासिक्यपुर" या नावाचे एक प्रकरणच आहे. आणि देवीच्या पीठांच्या याद्यांत जनस्थानी सतीची हनुवटी पडली असे म्हटले आहे. गंमत पाहा, तिचे नाक पडले ते नाशिकला नव्हे, तर सुगंधेस, म्हणजे आज बांगलादेशात असलेल्या बरिसालजवळच्या शिकारपूरला! तेव्हा जिला नाकावरूनच नाव जोडावयाचे होते त्या पुराणपरंपरेनेही या नगराच्या वाट्याला हनुवटी दिली.

कापलेल्या नाकाविषयी मात्र मला त्या मुलीजवळ आणखी एक गोष्ट बोलावयाची होती, कारण तिच्या प्रश्नातील दुखणे तेथे होते. नाक कापणे म्हणजे अब्रू घेणे, हा अर्थ आपल्या भाषेत इतका मुरलेला आहे की कथा ऐकताना आपण त्या वेदनेकडे पाहतच नाही. पूर्वी ती खरोखरीची शिक्षा होती. आणि म्हणूनच नाक पुन्हा घडविण्याची विद्याही याच देशात वाढली. सुश्रुतसंहितेत तिची कृती दिली आहे. नाकाच्या मापाचे एक पान कापून घ्यावयाचे, त्या मापाने गालाची त्वचा एका बाजूस जोडलेली ठेवूनच सोडवावयाची, ती नाकावर बसवावयाची, आणि श्वासासाठी आत दोन नळ्या घालावयाच्या.

ही विद्या पोथीतच राहिली नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक व एक हात तोडला. वर्षभर तो नाकावाचून वावरला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने, जो जातीने विटा घडविणारा होता, त्याच्या कपाळाच्या कातड्याचे नवे नाक घडविले. मेणाचे नाक करून ते कपाळावर चपटे पसरावयाचे, त्याची रेघ आखावयाची, कातडे सोडवून दोन भिवयांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवावयाची, ते उलटवून खाली आणावयाचे व काताच्या लेपाने चिकटवावयाचे, अशी ती रीत. दोन इंग्रज वैद्यांनी ती समक्ष पाहिली. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये कावसजीच्या चित्रासह तिचे वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली व १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. आज जगभर कपाळाच्या त्वचेने नाक सांधण्याच्या या पद्धतीला भारतीय पद्धत म्हणतात. त्या वीटकऱ्याचे नाव त्या मासिकाने छापले नाही, कावसजीचे छापले. नाक कापणाऱ्याची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, आणि नाक जोडणाऱ्याची मात्र आमच्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीपुरतीही नसे, याची मला शिक्षिका म्हणून खंत आहे.

आपण ज्या गावात राहतो त्याच्या नावाचा जन्म कागदोपत्री आहे. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्विंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावे एकत्र होऊन १९५६ च्या जानेवारीत फ्रीमाँट हे शहर झाले, व जॉन फ्रीमाँट या संशोधक सेनाधिकाऱ्याचे नाव त्याला मिळाले. त्यात तर्काला जागाच नाही. पण १७९७ च्या ११ जूनला जेथे मिशन उभे राहिले त्या जागेला ओहलोनी लोक ओरोयसोम म्हणत असत. ते नाव आता ग्रंथांत आहे, रस्त्यावर ऐकू येत नाही. नाशिकचे नाव राज्ये बदलली, धर्म आले गेले, भाषा तीनदा पालटली, तरी ज्या त्या काळातील लोकांच्या जिभेवर राहिले. टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आपल्या भूगोलात ते "नासिका" असे लिहिले. वराहमिहिराने दक्षिणेकडील देशांच्या यादीत "नासिक्य" घातले. त्रिरश्मीच्या लेण्यांत सातवाहन कुळातील कृष्ण राजाच्या काळचा एक लहानसा लेख आहे. भिक्षूंची व्यवस्था पाहणाऱ्या नाशिकच्या एका महामात्राने ते लेणे करविले, असे त्यात म्हटले आहे. त्याच डोंगरातील चैत्यगृहाच्या दाराशी नाशिकच्या लोकांनी धंभिक नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. बाकीच्या लेखांत शेजारच्या गोवर्धनाचेच नाव अधिक येते, कारण कारभाराचे ठाणे ते होते. सरकारी कागदात गोवर्धन, आणि लोक स्वतःला म्हणवीत ते नाशिकचे. आज गोवर्धन हे शहराच्या कडेचे खेडे आहे.

"तिथल्या लोकांनी ते नाव ठेवून का घेतलं?" या मुलीच्या प्रश्नाकडे मी या दानलेखामुळे परत आले. त्या लोकांनी ते नाव दगडात, आपल्या औदार्याच्या शेजारी कोरविले होते. लाज वाटणारे नाव कोणी असे कोरवीत नाही. त्यांच्या मनात त्या नावाबरोबर कापलेले नाक असते, तर मला वाटते त्यांनी "गोवर्धनचे" असे लिहून वेळ निभावली असती.

आणखी एक लेख मी मुद्दाम शेवटास ठेवला आहे. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भरहुत येथे एक बौद्ध स्तूप होता. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याचे अवशेष शोधून काढले व त्याचा कोरीव कठडा आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वीच्या त्या कठड्याच्या खांबांवर दात्यांची नावे आहेत. त्यांतील एका खांबावर लिहिले आहे की हे दान नाशिकच्या गोरक्षितेचे, वसुकाच्या भार्येचे. नाशिकचे नाव ज्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत येते त्यांपैकी हा एक होय. आणि ज्या नाशिककर व्यक्तीचे नाव इतक्या जुन्या काळापासून आपल्यापर्यंत पोहोचले, ती एक स्त्री आहे. सरळ रेषेत मोजले तरी आठशे किलोमीटरांहून दूरच्या स्तूपाला तिने एक खांब दिला, आणि आपली ओळख म्हणून नवऱ्याच्या नावाबरोबर आपल्या गावाचे नाव कोरविले.

मी हे सारे त्या मुलीला दोन रविवारी सांगितले. नाशिकविषयी लिहिण्यासारखे आणखीही पुष्कळ आहे असे मी तिला म्हटले. त्याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तेही तिने वहीत टिपून घेतले. शूर्पणखेची कथा गाळावी असे मी सांगितले नाही. तिची आजी ती कथा सांगते, आणि आजीच्या तोंडची कथा इतिहासाच्या शिक्षिकेने काढून घ्यावी हे मला बरे वाटत नाही. फक्त ती "लोक असे सांगतात" या शब्दांखाली लिहावी, आणि पतंजली व गोरक्षिता यांना "असे कोरलेले, लिहिलेले आहे" या शब्दांखाली घ्यावे, एवढेच सुचविले.

तिचे पान आता पूर्ण झाले आहे. वरच्या बाजूस तिने ब्राह्मी अक्षरांत "नासिक" असे काढले आहे. "क" हा अधिकच्या चिन्हासारखा दिसतो म्हणून तो तिला फार आवडला. पान माझ्या हाती देताना तिने विचारले, "मावशी, गोरक्षितेला खांबच द्यायचा होता तर तिने तो घराजवळच्या लेण्यात का नाही दिला? एवढ्या लांब ती का गेली?" दक्षिणेतून गंगेच्या मैदानाकडे जाणारे व्यापारी मार्ग त्या बाजूने जात, वसुक हा कदाचित व्यापारी असेल, असे मी म्हटले. तिने मान हलविली, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघी नकाशा घेऊन बसणार आहोत.